मालकिणीचा आवाज

चष्मेवाल्या काकांची बायको जिवंत होती तोवर त्यांनी तिची मालिका एकदाही धड पाहिली नाही. ती गेली, त्याच्या पुढच्या वर्षी ती मालिका दुपारच्या वेळी पुन्हा दाखवायला लागले, आणि मग काकांची एकही दुपार चुकेना.

मालिका परदेशातली होती. एका जुन्या हॉटेलातलं मोठं कुटुंब, त्यांची भांडणं, रुसवेफुगवे. हॉटेलची मालकीण म्हणजे धिप्पाड, पांढऱ्या केसांची, हातात काठी घेऊन सगळ्यांना फैलावर घेणारी बाई. पडद्यावर ती बाई दिसायची आणि आपल्या भाषेतला तिचा आवाज असायचा काकूंचा. काकू अंगानं काडी. घरात इतकं हळू बोलायच्या, की जेवताना मीठ मागितलं तरी ते दुसऱ्यांदा विचारावं लागायचं. आणि त्याच काकू स्टुडिओत जाऊन नोकरांवर, सुनांवर, गिऱ्हाइकांवर असा आवाज चढवायच्या, की शेजारच्या वहिनी म्हणायच्या, "अहो, ही बाई तुमच्या अंगात येते तरी कुठून?"

काका त्यावर नेहमी एकच सांगायचे. "घरी बोलायचं सगळं ती तिकडे बोलून येते. माझी सुटका!"

एकदा काकूंनी त्यांना विचारलं होतं. "आज बघा ना जरा. आजच्या भागात मी रडले आहे."

"आवाज तुझा आणि तोंड भलतीचंच," काका म्हणाले होते. "मला नाही गं जमत. परक्या बाईकडे टक लावून बसल्यासारखं वाटतं."

काकू हसल्या होत्या आणि विषय तिथंच संपला होता. काकूंना त्याचं वाईट वाटलं की नाही, हे विचारायचं काकांच्या डोक्यातही आलं नाही. तेव्हा दुकान होतं. चष्म्याच्या काचा घासायच्या, दांड्या वाकवून माणसाच्या कानाला बसवायच्या, नाकावर रुतत असेल तर पुन्हा काढायच्या. दिवस कसा जायचा ते कळायचं नाही.

आता दुकान पुतण्या बघत होता. काका दिवसभर घरी. मुलगी लग्न मोडल्यावर, काकू असतानाच, परत घरी आली होती. ती विमा कंपनीत कामाला होती, सकाळी जायची ती दिवेलागणीलाच यायची. अशाच एका दुपारी शेजारच्या वहिनींनी गॅलरीतून हाक मारली.

"भाऊजी, टीव्ही लावा लवकर! तुमच्या मालकीणबाई बोलताहेत."

काकांनी टीव्ही लावला. मालकीण जिन्यावर उभी राहून स्वयंपाक्याला झापत होती. काकांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की परकी बाई उरतच नव्हती.

त्यांना जरा कमीच ऐकू यायचं. शब्द निसटतात म्हणून ते टीव्हीला इतके चिकटून बसायला लागले, की मुलीनं एका सुट्टीच्या दिवशी साउंडबार आणला. टीव्हीखाली ठेवायची लांबोडकी पट्टी आणि सोबत खालच्या, जाड आवाजासाठी वूफरचा काळा खोका. खोका कपाटाशेजारी जमिनीवर बसला. दुसऱ्या दिवशी काकांनी मालिका लावली आणि ते दचकलेच. आवाज भरदार, गोल होऊन खोलीत उभा राहिला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बोलताहेत असंच वाटलं. त्या दिवशी संध्याकाळी मुलगी आली तेव्हा काकांनी तिच्यासाठी स्वतः चहा टाकला. "चांगली वस्तू आणलीस," एवढंच म्हणाले. पण चहात साखर दोनदा पडली होती.

काही आठवडे असे छान गेले. आणि मग तो आवाज सुरू झाला.

आधी अधूनमधून. फप्. कुणीतरी कागदी पिशवी फुगवून फोडावी, तसा खोक्यातून धक्का यायचा. मग वाढत गेला. मालकीण बोलतेय, आणि मध्येच फप्. पुन्हा फप्. काकूंच्या आवाजावर कुणी बोटानं टिचक्या मारतंय असं काकांना वाटायचं. कुठल्याही बारीकसारीक वस्तूत बिघाड झाला, की तो शोधून काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते कामालाच लागले.

पहिल्यांदा त्यांनी सगळ्या पिना काढून, फुंकर मारून पुन्हा घट्ट बसवल्या. फरक नाही. मग प्लग दुसऱ्या बोर्डात लावला. फ्रिज चालू होताना खटका बसत असेल म्हणून मालिका संपेपर्यंत फ्रिज बंद ठेवला. दूध नासलं, फप् तसंच राहिलं. वूफर भिंतीपासून लांब सरकवला, खाली जाड घोंगडी घातली. सेट-टॉप बॉक्सची वायर बदलली. मुलीनं रिमोट घेऊन सेटिंगमध्ये जाऊन काय काय केलं, त्यानं आवाज डब्यातून आल्यासारखा झाला, म्हणून ते सगळं परत होतं तसं केलं.

शेवटी टीव्ही मेकॅनिकला बोलावलं. तो बोलघेवडा होता. खोका उलटा करता करता त्यानं आपल्या मेव्हण्याच्या लग्नाची सगळी हकीकत सांगितली आणि अखेरीस खोका दुकानात घेऊन गेला. दोन दिवसांनी परत आणला.

"काका, मी यावर गाणी लावली, मारामारी लावली, क्रिकेट लावलं. काच हलेपर्यंत आवाज केला. एक फटका येईल तर शपथ."

"मग इथं येतो तो?"

त्यानं तो आवाज स्वतः ऐकला, मान खाजवली आणि म्हणाला, "चॅनेलवाल्यांकडूनच येतंय. आपण काय करणार?"

"मग याच चॅनेलवरच्या बातम्यांत का येत नाही?"

मेकॅनिकनं हत्यारांची पिशवी उचलली. तो गेल्यावर काका दुसऱ्या दिवशी खुर्ची सोडून सरळ जमिनीवर बसले, वूफरच्या शेजारी, त्याच्या जाळीवर तळहात ठेवून. मालिका सुरू झाली. सुना बोलल्या, पोरगा बोलला, पोलीस आला, दार आपटलं. हाताला काही नाही. मालकीण बोलायला लागली आणि हाताला फुंकर लागली.

"पुरे झालं तुझं!" फप्. "भाड्याचे पैसे फेकलेस तोंडावर?" फप्, फप्.

काका तसेच बसून राहिले. मालकीण पुन्हा बोलली, पुन्हा लागली. मग त्यांनी दुसऱ्या हाताचा तळवा स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि रिकाम्या घरात एकटेच म्हणाले, "पाणी." तळव्यावर फुंकर आली. "फूल." आली. "भात." आली. "डाळ," ते म्हणाले. नाही आली. "गूळ." नाही.

त्यांना इतका आनंद झाला, की संध्याकाळी मुलीनं चप्पल काढायच्या आत त्यांनी तिला गाठलं.

"सापडलं! खोका चांगला आहे, वायर चांगली आहे. तो तुझ्या आईचा श्वास आहे. प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून जी फुंकर सुटते ना, ती त्यांच्या माईकवर आदळलीय. नुसत्या टीव्हीवर ती ऐकूच आली नसती, या खोक्यामुळे येते. पण बघ, सुरुवातीच्या भागांत नव्हती. मध्येच सुरू झाली आणि आता वाढत चाललीय. म्हणजे ती माईकच्या फार जवळ जाऊन बोलायला लागली. पण का? इतक्या वर्षांची सवय असलेली बाई—"

मुलगी पर्स हातात घेऊन तशीच उभी होती.

"राहू दे ना, बाबा," ती म्हणाली. "उद्यापासून वूफर बंद ठेवू या. नुसत्या पट्टीवर ऐक."

"अगं, पण—"

"माझं डोकं दुखतंय," असं म्हणून ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. माणसाच्या चेहऱ्यावर चष्मा नीट बसलाय की नाही, हे काका आयुष्यभर समोर बसून बघत आले होते. मुलीचा चेहरा त्यांनी पाहिला होता. डोकं दुखत असल्याचा तो चेहरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेल्यावर काका स्टुडिओत गेले.

स्टुडिओ एका फर्निचरच्या दुकानाखाली तळघरात होता. भिंतींना जुने गालिचे ठोकलेले, हवेत कोंदट वास, काचेच्या पलीकडे एक स्टूल आणि माईक. तिथल्या रेकॉर्डिस्टला सगळे मौनी म्हणायचे. काचेआडून हातवारे करून करून बोलायची सवयच मोडलेला माणूस. काकू गेल्या तेव्हा तो येऊन कोपऱ्यात उभा राहून गेला होता, तेवढीच त्याची ओळख. काकांनी त्याला फप्फप् सांगितलं.

"तुम्हाला ऐकू आलं?" मौनीनं विचारलं. तो ओशाळला. "लहान टीव्हीवर येत नाही ते. म्हणून सोडलं होतं मी."

"पण तिनं इतकं जवळ का जायचं?"

"मीच घ्यायचो जवळ. माईक लांब ठेवला तर आवाज पोचायचा नाही त्यांचा." तो थांबला. मग कधी नव्हे ते सलग बोलला. "आधी त्या उभ्या राहून बोलायच्या. मालकीण ओरडते ना, बसून तो जोर येत नाही. मग एक दिवस म्हणाल्या, खुर्ची मिळेल का? मग खुर्चीतही दम लागायला लागला. अर्धं वाक्य बोलायचं, थांबायचं, मग उरलेलं अर्धं. मधले श्वास सगळे मी कापून काढलेत, काका. जोडलेलं कळणार नाही कुणाला. फुंकरीही काढता आल्या असत्या, खालचा आवाज कापला असता तर. पण मग त्यांच्या आवाजातली छाती गेली असती. तेवढीच तर उरली होती."

"घसा बसला होता तिचा," काका म्हणाले. "सारखं बोलून बोलून. मी मिठाच्या गुळण्या करायला लावायचो."

मौनीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग समोरच्या बटणांकडे.

"घसा नव्हता, काका. मला वाटलं... मुलगी यायची ना त्यांना सोडायला, शेवटी शेवटी. हाताला धरून जिना उतरवायची. मला वाटलं घरात सगळ्यांनाच..."

मौनीनं पाणी आणून दिलं, ते प्यायले, ग्लास कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना, म्हणून तो हातात धरूनच बसून राहिले. निघताना मौनी म्हणाला, "मालकीण पायरीवरून पडते त्या भागापर्यंत काकू आहेत. त्यानंतर दुसऱ्या बाई. आता थोडेच राहिले असतील."

काकू गेल्या तेव्हा काका येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत होते. "चालतीबोलती होती हो. न्यूमोनिया काय झाला, आठवडाभर दवाखान्यात काय राहिली आणि गेली. कुणाला काही कळायच्या आत." हे सांगताना मुलगी शेजारी बसलेली असायची, खाली मान घालून. तिलाही तेच दुःख असेल असं त्यांना वाटायचं.

संध्याकाळी ती आली तेव्हा काका दिवा न लावता बसले होते.

"फुप्फुसाचं होतं ना?" ते म्हणाले. "कधी कळलं तिला?"

मुलीनं दिवा लावला आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

"जायच्या सहा-सात महिने आधी."

"आणि तुला?"

"त्याच आठवड्यात. तिच्या पर्समध्ये एक्स-रेचं पाकीट दिसलं. तिनं माझा हात धरून वचन घेतलं माझ्याकडून."

"म्हणजे तुला माहीत होतं, त्या मौनीला माहीत होतं, डॉक्टरला माहीत होतं. मी कोण होतो? घरात भाड्यानं राहणारा?"

"बाबा, डॉक्टर म्हणाले होते की बरं होण्यासारखं नाही. आई म्हणाली, ह्यांना सांगितलं तर हे दुकानाला कुलूप लावतील आणि माझ्या उशाशी येऊन बसतील. मला काम करू देणार नाहीत. मला कॉटवर पडून वाट बघायची नाही."

"बसलो असतो ना उशाशी!" काकांचा आवाज चिरकला. "बसलो असतो! त्यात काय वाईट होतं? बायकोच्या उशाशी बसू नये माणसानं?"

मुलीनं ओढणीनं डोळे पुसले.

"आणि मी काय करत होतो माहीत आहे? ती संध्याकाळची माझ्याबरोबर फिरायला यायची बंद झाली, तर मी तिला टोचून बोलायचो. आळशी झालीस म्हणायचो. बसून बसून हाडं गंजतील म्हणायचो. ती सोफ्यावर पडून असायची, आणि मी चपला घालताना रोज काहीतरी बोलून बाहेर पडायचो. तिला श्वास मिळत नव्हता, आणि मी..."

मुलगी गुडघ्यांवर सरकत त्यांच्याजवळ आली.

"मला सांगायची ती ते," मुलगी म्हणाली. "हसत सांगायची. म्हणायची, आज पुन्हा आळशी म्हणाले मला. बरं वाटलं. तू रडतेस, डॉक्टर हळू बोलतो, मौनी खुर्ची पुढं करतो. एकटे हेच अजून माझ्यावर खेकसतात."

काका रडले. मुलगी झाल्यावर, म्हातारी आई गेल्यावर, नंतर बायको गेल्यावरही त्यांनी डोळे पुसले होते, पण असे रडले नव्हते. मुलीनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं होतं. त्यांनी तिला ढकललंही नाही, आणि तिच्या डोक्यावरून हातही फिरवला नाही.

त्यानंतर काही दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं. जेवायला चल, गॅस संपलाय, किल्ली घेतलीस का. तिनं निदान शेवटी तरी सांगायला हवं होतं, हे काकांच्या मनातून जात नव्हतं. आणि मरणाऱ्या आईला दिलेला शब्द तिनं मोडायला हवा होता असं तोंडानं म्हणायची हिंमतही होत नव्हती. दुपारी मालिका मात्र ते लावत होते. आता फुंकर आली, की ते ओळखायचे, हे वाक्य तिनं दोन तुकड्यांत म्हटलंय. कुठं तोडलं असेल ते शोधायचे. मौनीनं काम चोख केलं होतं, सांधा सापडत नव्हता.

एक दिवस भाग संपता संपता पुढच्या भागाची झलक दाखवली. त्यात मालकीण पायरीवरून घसरत होती. संध्याकाळी काकांनी मुलीला सांगितलं, "उद्या शेवटचं आहे. तिचं."

"मी अर्धी सुट्टी घेते," ती म्हणाली.

दोघं सोफ्यावर बसले, मध्ये एक उशी. काकांनी डोळे मिटले नाहीत. मालकीण या भागात फार कमी बोलत होती. मौनीनं किंवा कुणीतरी तिची वाक्यं छाटली असावीत. अंगणात नोकर इकडेतिकडे पळत होते, पाहुणे यायचे होते, आणि ती काठी टेकत पायऱ्या उतरताना म्हणाली, "बादली कुणी ठेवली रे पायरीवर?" खोक्यातून दोनदा धक्का आला. पाय घसरला. किंकाळी फुटली, पण ती सुनेची होती. मग जाहिराती लागल्या.

"एवढंच?" काका म्हणाले.

"एवढंच असेल."

साबणाची, गाडीची, रंगाची जाहिरात झाली. मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा मालकीण पलंगावर होती, डोक्याला पट्टी. तिनं डोळे उघडले आणि बोलली. आवाज दुसऱ्या बाईचा होता, तरणा, मुद्दाम घोगरा काढलेला. खोका शांत होता.

काकांनी थोडा वेळ ऐकून घेतलं. "बरं बोलते तीही," ते म्हणाले. मग मुलीनं रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

बाहेर दुपार टळटळीत होती. दोघंही उठले नाहीत. काकांनी विचारलं, "ती डॉक्टरकडे पहिल्यांदा गेली, तेव्हा तू होतीस बरोबर?"

"नव्हते. मला तेव्हा माहीतच नव्हतं."

"मग रिपोर्ट कुणी आणला?"

"तिनंच. स्टुडिओतून परस्पर गेली होती."

"डॉक्टरनं तिला एकटीला सांगितलं सगळं?"

"हो. नंतर मला म्हणाली, चांगला माणूस आहे, पाणी विचारलं त्यानं."

काकांनी मधली उशी उचलून पलीकडे ठेवली. "त्या दिवशी घरी येऊन काय केलं तिनं? मी होतो का घरी?"

"ते मला नाही माहीत, बाबा. ते तिनं सांगितलं नाही."

काका आठवायला लागले. तो कोणता दिवस असेल, आपण दुकानातून किती वाजता आलो असू, तिनं दार उघडलं असेल का, काय वाढलं असेल. कुठल्याच संध्याकाळी त्यांना वेगळं काही सापडेना.

"आली कशानं पण?" ते म्हणाले. "रिक्षानं?"

"बसनं."

"गर्दी असेल."

"असेल," मुलगी म्हणाली, आणि तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला.